हौसाबाईच्या मेंदूतलं ‘आपण’

एका जंगलात एक नदी होती. म्हणजे पावसाळ्यात होती. उन्हाळ्यात तिच्या जागी नुसती वाळू असायची. जंगलाच्या नकाशात मात्र ती बारा महिने निळीच दाखवलेली होती. नकाशा महाराजांच्या गुहेत टांगलेला होता आणि महाराज वाघ होते, त्यामुळे चूक दाखवायला कोणी गेलं नाही.

तर मुलांनो, ऊन तापलं की सगळे प्राणी तहानेने कासावीस व्हायचे. मग रानडुकरं नदीच्या वाळूत उतरायची आणि नाकाडाने वाळू उकरायची. उकरता उकरता ओल लागायची. ओलीच्या खाली पाणी लागायचं. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. झिऱ्याच्या जिवावर अख्खं जंगल पावसाळ्यापर्यंत तग धरायचं.

झिऱ्याचा एक रिवाज होता. ज्यांनी खोदला त्यांची पिल्लं आधी पिणार, मग बाकीचे. झिऱ्यात पाणी हळूहळू पाझरतं. पहिल्याला पोटभर मिळतं, मधल्यांना ताटकळावं लागतं आणि शेवटच्याला चिखल चाटावा लागतो. म्हणून पहिल्या पाण्याला किंमत. महाराजसुद्धा थांबायचे. जांभया द्यायचे, शेपटी आपटायचे, पण थांबायचे. ते काही फार सभ्य होते म्हणून नाही. त्यांना झिरा खोदता येत नव्हता म्हणून.

झिरे खोदण्यात सगळ्यांच्या पुढे असायची हौसाबाई. ही एक रानडुकरीण. अंगाने दणकट, तोंडाने फटकळ. यंदा तिला पट्टेवाली पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक अगदी अशक्त होतं. नवरा एकटाच हिंडायचा. रानडुकरांत तशी पद्धत आहे. फक्त रानडुकरांतच आहे, असं तुमच्यातल्या कोणी समजू नये.

हौसाबाईची बोली वस्तीवरची. त्या बोलीत ‘मी’ हा शब्द क्वचितच यायचा. मी ऐवजी म्हणायचं ‘आपण’. “आपण कुणाच्या बापाला भीत नाही,” असं हौसाबाई म्हणायची, तेव्हा त्या आपणमध्ये तिच्याशिवाय दुसरं कोणीही नसायचं. हे वस्तीवरच्या शेंबड्या पिल्लालाही ठाऊक होतं.

पण डॉक्टर करकोचे यांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टर करकोचे हे पांढरे करकोचे. दरवर्षी परदेशातून यायचे आणि परत परदेशात जायचे. जंगलात असा नियम होता की जो परदेशात जाऊन येतो तो विद्वान, आणि जो तिकडेच राहतो तो फार मोठा विद्वान. डॉक्टर दोन्ही करत असल्यामुळे त्यांच्या विद्वत्तेला तोड नव्हती. त्यांचा विषय होता मेंदू. ते एका पायावर उभे राहायचे, समोरच्या प्राण्याच्या टाळूवर चोच टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मेंदूचा कोणता कोपरा गरम झाला हे त्यांना चोचीतून कळायचं. प्राणी काम का करतो, कुणासाठी करतो, कशाने पेटून उठतो, सगळं कळायचं.

त्या वर्षी ते हौसाबाईकडे आले. ती वाळूत मान खुपसून होती. डॉक्टरांनी तिच्या टाळूवर चोच टेकवली.

“झिरा कोण खोदतं?” त्यांनी विचारलं.

“आपण,” हौसाबाई म्हणाली.

“कुणासाठी खोदता?”

“आपल्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी खोदू?”

“आणि पाणी आधी कोण पिणार?”

“आपणच की. आपण आणि आपली पोरं. जरा चोच काढ बाबा, घाम आलाय.”

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. परदेशात त्यांनी किती डोक्यांवर चोच टेकवली होती. सगळीकडे ‘मी, मी, मी’. आणि इथे एक साधी डुकरीण तीन प्रश्नांना तीन वेळा ‘आपण’ म्हणते. स्वतःचा उल्लेखच नाही. मी, तू, ससा, साळिंदर, सगळं जंगल तिने एका शब्दात कवटाळलं होतं. डॉक्टर तिथून थेट दरबारात गेले.

दरबारात महाराज होते. त्यांच्या शेजारी सचिव होती, एक घोरपड. घोरपड एकदा कशाला चिकटली की सुटत नाही. ती मागच्या वाघाच्या काळापासून त्याच खुर्चीला होती.

“महाराज,” डॉक्टर म्हणाले, “मेंदू दोन जातींचे असतात. एक मी-मेंदू आणि एक आपण-मेंदू. मी-मेंदूला काही मिळालं तरच तो हलतो. बिबट्या, लांडगा, आणि क्षमा असावी, खुद्द महाराज.”

महाराजांच्या मिश्या हलल्या.

“हा दोष नाही, महाराज. ती घडण आहे. आमचाही तसाच आहे. परदेशात राहून झालाय,” डॉक्टर घाईने म्हणाले. “पण इथल्या डुकरांचा मेंदू आपण-मेंदू आहे. तो आपलेपणावर चालतो. त्याला काही दिलं की त्याची प्रेरणा मरते. मोबदला हे त्याला विष आहे.”

“म्हणजे आम्ही इतकी वर्षं डुकरांना पहिलं पाणी पाजत होतो, ते विष होतं?” महाराजांनी विचारलं.

“दुर्दैवाने, हो.”

“अरेरे,” महाराज म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. “आजपासून बंद.”

सचिव घोरपडीने मान वर केली. “एक अडचण आहे. डुकरांनी प्यायचं नाही, तर पहिलं पाणी प्यायचं कुणी?”

“त्याचं उत्तर तिनेच दिलंय,” डॉक्टर म्हणाले. “मी विचारलं, पाणी आधी कोण पिणार? ती म्हणाली, आपणच.”

मुलांनो, महाराजांना जन्मापासून कोणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. ‘तुम्ही’सुद्धा म्हटलं नव्हतं. आपण यावं, आपण बसावं, आपण खावं, हेच त्यांनी ऐकलेलं. त्यामुळे आपण हा शब्द ऐकला की ते आपोआप मान डोलवायचे. आताही डोलवली. मग विनयाने नजर खाली वळवली.

“प्रजेची तशी इच्छाच असेल,” ते म्हणाले, “तर आम्ही पिऊ.”

जंगलात बातम्या देण्याचं काम पोपटांकडे होतं. पूर्वी ते कावळ्यांकडे होतं. पण कावळे कुठेही जाऊन बसायचे, झाकलेलं उघडायचे आणि मेलेलं मेलेलं म्हणून सांगायचे. म्हणून त्यांना काढून पोपट नेमले. पोपटांना प्रश्न पडत नसत. सांगितलेलं जसंच्या तसं बोलायचं आणि पेरू खायचा. दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर एकच बातमी होती. डुकरांचा मेंदू महान. डुकरांचा मेंदू महान. महान म्हणजे नक्की काय, आणि त्यामुळे पाणी कोणाचं गेलं, हे एकाही पोपटाने विचारलं नाही. विचारणार कसा? तोंडात पेरू होता.

त्या दिवशी हौसाबाईने झिरा खोदला. पाणी आलं. पिल्लं धावली. तर मध्ये दोन बिबटे आडवे उभे.

“काय रे, बाजूला हो,” हौसाबाई म्हणाली.

“मावशी, तुमच्या भल्यासाठीच आहे,” एक बिबट्या म्हणाला. “पाणी दिलं तर तुमची प्रेरणा मरते म्हणे.”

“कोण मरतं?”

“प्रेरणा.”

“आमच्यात त्या नावाचं कोणी नाही.”

तेवढ्यात महाराज आले आणि पोटभर पाणी प्यायले. मग बिबटे प्यायले, मग लांडगे. डॉक्टरांनी काठावरच्या ओलीतले बेडूक टिपले, कारण त्यांचा मी-मेंदू होता, नाइलाज होता. डुकरांची पाळी आली तेव्हा झिऱ्यात चिखल उरला होता. मग सचिव घोरपड पुढे आली आणि तिने हौसाबाईच्या गळ्यात बहाव्याच्या फुलांचा हार घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हौसाबाईने तो हार खाल्ला.

हसू नका, मुलांनो. तुमच्या शाळेतल्या बाई पटपडताळणी करतात, मतदारयाद्या करतात, गुरं मोजतात, आणि उरलेल्या वेळात तुम्हाला शिकवतात. शिक्षकदिनाला त्यांना गुलाबाचं एक फूल मिळतं आणि पेशा किती पवित्र आहे यावर भाषण ऐकावं लागतं. त्यांनी ते फूल खाल्लं नाही, एवढाच काय तो फरक.

रोज हेच होऊ लागलं. हौसाबाई खोदायची, महाराज प्यायचे, डुकरांना चिखल आणि हार. पिल्लांची पट्टेवाली पोटं खपाटीला गेली. अशक्त पिल्लू तर दुपारी सावलीत पडलं की उठायचंच नाही. आणखी काही दिवस असेच गेले तर ते हाती लागणार नाही, हे हौसाबाईला स्पष्ट दिसत होतं.

ती डॉक्टरांकडे गेली. ते बेडूक खाऊन एका पायावर डुलकी घेत होते. खरं तर त्यांची परदेशी जायची वेळ कधीच टळून गेली होती, पण इथला पाहुणचार सुटत नव्हता.

“अहो डॉक्टर,” ती म्हणाली, “आपण म्हणजे मी. मी, हौसाबाई. आमच्यात तसंच बोलतात. तुमचा घोळ झालाय.”

डॉक्टरांनी मायेने हसून पाहिलं. “बाई, तुमच्या संस्कृतीत मी नसतो.”

“मग हे आत्ता कोण बोलतंय?”

“तुमच्यातून समूह बोलतोय.”

“समूह घरी आहे. चिखल चाटतोय. मी एकटी आलेय.”

“बघा, इथेसुद्धा तुम्ही समूहासाठीच आलात.”

हौसाबाईने दात खाल्ले. “मला जंगलाचं काही पडलेलं नाही, डॉक्टर. सशाचं नाही, साळिंदराचं नाही. माझी पोरं पाणी प्यायली की बस. उरलेलं कोणी का पिईना.”

डॉक्टरांनी झटकन तिच्या टाळूवर चोच टेकवली. “बापरे, केवढा गरम झालाय हा कोपरा. केवढी ही कळकळ.”

“हा राग आहे.”

“परदेशात याला राग म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “इथे नाही.”

बघा मुलांनो, शास्त्र असावं तर असं. ती हो म्हणाली तरी सिद्धांत खरा, नाही म्हणाली तरी खरा, आणि तिने चोच मोडून हातात दिली असती तर तो अधिकच खरा ठरला असता.

त्याच दिवशी जुना झिरा आटला. नवा खोदायला हवा होता. हौसाबाईने वाळूकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं आणि ती तडक दरबाराकडे निघाली. महाराजांना चार शिव्या घालायच्या, मग खायचं तर खाऊ देत, असं तिने ठरवलं होतं.

गुहेच्या दाराशी घोरपडीने तिला अडवलं. “दरबारात बोलायची रीत ठाऊक आहे का? महाराजांना तू म्हणायचं नाही.”

“तुम्ही म्हणेन.”

“तेही नाही. आपण म्हणायचं.”

“त्यांना आपण म्हणायचं, तर मला काय म्हणायचं?”

“तुझा विषयच काढायचा नाही.”

हौसाबाई आत गेली. शिव्या ओठांवर होत्या, पण रीत आडवी आली. आपण लावून शिवी देता येईना. शेवटी जे निघालं ते असं निघालं.

“महाराज, पाणी आपण पिता. आता झिरापण आपणच खोदा.”

डॉक्टरांनी आनंदाने चोच कडकडवली.

“ऐकलंत? आपण खोदू म्हणतेय. सगळे मिळून. उपाशी, तहानलेली, तरीही सगळे मिळून.”

महाराजांना गहिवरून आलं. “वा, हौसाबाई. खोदू. आपण नक्की खोदू.”

आता हे आपण आणखी वेगळं होतं, मुलांनो. मोठी माणसं व्यासपीठावरून ‘आपण हे करूया’ म्हणतात, तेव्हा त्या आपणमध्ये ती स्वतः सोडून बाकी सगळे असतात. महाराजांच्या मनात तेच होतं. पण पोपटांना मन वाचता येत नाही. ते ऐकलेलं बोलतात. ते उडाले आणि वस्तीवस्तीवर ओरडत सुटले. महाराज म्हणाले, आपण खोदू. महाराज म्हणाले, आपण नक्की खोदू.

आणि वस्तीवर आपण म्हणजे मी.

उन्हं कलायच्या आत सगळं जंगल नदीकाठी जमलं. वाघ वाळू उकरणार, हे कोणी चुकवणार होतं का? माकडांनी जांभळीच्या फांद्या अडवल्या. साळिंदरं सहकुटुंब आली. जुने कावळेही आले. त्यांना आता कोणी विचारत नव्हतं, पण बघायची सवय जात नाही. हौसाबाई आणि बाकीची डुकरं सावलीत बसली होती. अशक्त पिल्लू हौसाबाईच्या पोटाशी पडलं होतं.

महाराज पाणी प्यायला म्हणून डुलत डुलत आले. पाणी नव्हतं. गर्दी होती.

“काय गं,” ते हळूच म्हणाले, “सुरू कर की.”

“आपण म्हणालात, आपण खोदू.”

“हो. आपण.”

“आपणच ना?”

“आपणच.”

“मग करा की,” हौसाबाई म्हणाली.

महाराजांनी घोरपडीकडे पाहिलं. घोरपडीने वाळूकडे पाहिलं. तिला बीळ उत्तम खोदता यायचं, पण ती म्हणाली, “महाराज, खोदाई माझ्या खात्यात येत नाही.” महाराजांनी डॉक्टरांच्या लांब चोचीकडे पाहिलं. डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. “मी निरीक्षक आहे, महाराज. मी हात लावला तर निष्कर्ष बिघडतो.”

“होऊ दे, महाराज,” वरून एक माकड म्हणालं. “आम्ही सगळे आपल्या पाठीशी आहोत. इथून.”

महाराज वाळूत उतरले. त्यांनी पंजा मारला. वाळू उडाली आणि पुन्हा खड्ड्यात आली. त्यांनी दोन्ही पंजे मारले. तेवढीच वाळू परत आली, वर थोडी डोळ्यांत गेली. वाघाचा पंजा मान मोडायला असतो, मुलांनो, वाळूला मान नसते. महाराज जितके उकरत होते तितकी तहान वाढत होती. जीभ बाहेर आली. मिश्या वाळूने पांढऱ्या झाल्या. माकडं सुरुवातीला हसली, मग गप्प झाली. तहान त्यांनाही लागली होती.

शेवटी महाराज धापा टाकत हौसाबाईपुढे आले. “काय पाहिजे तुला?”

“पहिलं पाणी. माझ्या पिल्लांना.”

“देऊ नका, महाराज,” डॉक्टर कळवळून म्हणाले. “तिचा मेंदू नासेल. अख्खी संस्कृती नासेल.”

“नासू दे,” महाराज म्हणाले. “मला तहान लागलीये.”

हौसाबाई तरीही उठली नाही. “सगळ्यांसमोर म्हणा. आणि त्यात आपण नको. नाव घेऊन म्हणा.”

महाराजांनी दात विचकले. मग गर्दीकडे पाहिलं, कोरड्या वाळूकडे पाहिलं, आणि म्हणाले, “पहिलं पाणी हौसाबाईची पिल्लं पिणार.”

पोपटांनी ते लगेच उचललं. पहिलं पाणी हौसाबाईची पिल्लं पिणार. पहिलं पाणी हौसाबाईची पिल्लं पिणार. आता ते परत घेणं महाराजांच्याही हाती राहिलं नाही.

हौसाबाई उठली. तिने वाळू हुंगली, महाराजांच्या खड्ड्यापासून लांब एका वळणावर गेली आणि नाकाड खुपसलं. ओल लागली. मग पाणी लागलं. तिने अशक्त पिल्लाला ढकलत ढकलत काठाशी आणलं आणि त्याचं तोंड पाण्यात बुडवलं. ते आधी ठसकलं. मग पिऊ लागलं. खूप वेळ पीत राहिलं. भावंडं त्याच्या अंगावर चढून प्यायली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हारही घातला नाही. तिची प्रेरणा कुठे मेल्याचंही दिसलं नाही, कारण उरकल्यावर तिने शेजारी दुसरा झिरा खोदायला घेतला. त्यातलं पहिलं पाणी कुणाचं, हे तिने खोदायच्या आधीच विचारून घेतलं होतं.

महाराज पिल्लांच्या मागे रांगेत उभे होते. न गुरगुरता. न शेपटी आपटता. त्यांची नजर समोरच्या पट्टेवाल्या पाठींवर खिळली होती.

डॉक्टर करकोचे हे पाहून थक्क झाले. रांगेत उभा असलेला वाघ त्यांच्या सिद्धांतात बसत नव्हता. त्यांनी अलगद महाराजांच्या टाळूवर चोच टेकवली. एक कोपरा चांगलाच तापला होता.

“महाराज,” त्यांनी हळूच विचारलं, “आपल्या मनात आत्ता काय आहे?”

“ही पिल्लं,” महाराज म्हणाले.

“काय त्यांचं?”

“फार वाळलीयेत. चांगली खाऊन पिऊन मोठी व्हायला हवीत.”

डॉक्टरांना हुंदका आवरेना. त्याच पावली ते परदेशी उडाले. तिकडे ते मोठमोठ्या सभांतून सांगतात की त्या जंगलातल्या वाघाचासुद्धा आपण-मेंदू आहे, दुसऱ्याची पिल्लं धष्टपुष्ट व्हावीत म्हणून तो स्वतः तहानलेला राहतो, आणि असं वात्सल्य परदेशात शोधून सापडायचं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

तात्पर्य: निःस्वार्थ वृत्ती ही फार थोर गोष्ट आहे आणि ती नेहमी दुसऱ्याच्या मेंदूत सापडते. म्हणून मुलांनो, मोठे झाल्यावर कोणाला त्याचं काही देणं जिवावर आलं, तर खुशाल त्याच्या संस्कृतीचं कौतुक करा. फक्त तो अजून खोदतोय ना, हे मधून मधून वाकून बघत चला.